नेब्रास्कात आधी सांगावं लागतं

माझ्या मेव्हण्याकडे बंदुकांचं अख्खं कपाट आहे. हरणांसाठी वेगळी, बदकांसाठी वेगळी, कोल्ह्यांसाठी वेगळी, शिवाय आजोबांची एक गंजलेली, जिला तो कुणाला हात लावू देत नाही. तर हा अल्विन मे महिन्यात एका सकाळी माझ्या दारात येतो आणि म्हणतो, "नॉर्ब, तुझं ते छोटं पिस्तूल दे की चार दिवस. धान्याच्या कोठीखाली बिज्जू शिरलाय, बिळं खणतोय."

"बिज्जूला पिस्तूल?" मी म्हटलं. "तुझी ती लांब नळीची कुठे गेली?"

"दुरुस्तीला टाकलीय."

"आणि दुसरी?"

"तिचंपण काहीतरी बिघडलंय."

अल्विनला खोटं बोलता येत नाही. बोलायला गेला की कान लालबुंद होतात. माझ्या बायकोचेही व्हायचे. हा तिचाच धाकटा भाऊ. ती फेब्रुवारीत गेली. नाताळात पोट दुखतंय म्हणाली आणि फेब्रुवारीत आम्ही तिला माती दिली. तेव्हापासून अल्विन काही ना काही निमित्त काढून यायचा, आणि त्याला खरं काय म्हणायचंय ते मला पक्कं ठाऊक होतं. नॉर्ब, तू आठवडाभर एकटा फिरतोस, मोटेलात एकटा झोपतोस, आणि उशाशी ते पिस्तूल असतं. तू स्वतःचं काही बरंवाईट करून घेशील. एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण आमच्याकडे असलं तोंडावर कुणी बोलत नाही. त्यापेक्षा बिज्जू बरा.

"मला कामावर लागतं," मी म्हटलं. "तू बिज्जूला कोबी घाल."

तो बिचारा गेला. मग आमच्या कंपनीच्या मालकाला एकाएकी विम्याची काळजी वाटायला लागली. म्हणे, ट्रकमध्ये हत्यार असलं तर विमावाले कटकट करतात, तर काही दिवस घरी ठेवता आलं तर बघ. इतकी वर्षं विमावाले झोपले होते काय? मी म्हटलं, परवाना माझ्या नावावर आहे, विमावाल्यांच्या नाही. त्यानेही विषय सोडला. चर्चमधल्या बायका तर काहीच बोलायच्या नाहीत. येऊन फ्रीजमध्ये बीरॉक, म्हणजे कोबी-खिमा भरलेले पाव, भरून जायच्या. वरचा कप्पा भरला, मग खालचा. मी ते गरम करायचो, खायचो, आणि त्यात मीठ आहे की नाही ते मला कळायचं नाही.

बरं, त्यांची भीती अगदीच खोटी होती असंही मी म्हणणार नाही. मला मरायचं होतं असं नव्हतं. मला काहीच नको होतं. दुःख होतं म्हणावं तर तेही नाही. दुःख झालं असतं तर मी रडलो तरी असतो. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल कसा होतो, हात लावला तर आहे, पण आपला नाही, तसा मी डोक्यापासून पायापर्यंत झालो होतो. आणि गाडी चालवता चालवता मधेच मनात यायचं की हे आज संपवलं तरी चालेल. त्या विचाराने घाम फुटायला हवा. मला नाही फुटायचा. दूध संपलंय, आणायला हवं, हे जसं आठवतं तसं ते आठवायचं, आणि मग मी पुढच्या गावाची पाटी वाचायचो.

माझं काम काटे तपासण्याचं. गव्हाची ती उंच काँक्रीटची कोठारं असतात ना, तिथे ट्रकसकट माल तोलणारा काटा असतो. सुगीच्या आधी तो बरोबर तोलतोय का ते बघावं लागतं, नाहीतर शेतकरी कोठारवाल्याचं नरडं धरतो. मी माझ्या ट्रकमध्ये लोखंडी वजनं घालून कोठार ते कोठार फिरतो. काट्यावर वजनं मांडायची, आकडा बघायचा, चूक असली तर दुरुस्त करायची, शिक्का मारायचा, पुढे निघायचं. पश्चिम कॅन्सस माझ्याकडे, आणि वरचा नेब्रास्काचा थोडा पट्टाही माझ्याचकडे. हे काम डोकं न लावता करता येतं, हात आपोआप करतात. त्यामुळे त्या चार महिन्यांत माझ्या कामात कुणाला खोट काढता आली नाही.

पिस्तूल कामावर न्यायला लावलं ते बायकोनेच. एकदा मोटेलच्या आवारात दोघांनी मला जॅकच्या दांड्याने झोडपलं, पाकीट नेलं, हत्यारांची पेटी नेली. मी बरगड्या बांधून घरी आलो. ती रडली नाही, ओरडली नाही. दुसऱ्या आठवड्यात मला धरून माजी सैनिकांच्या हॉलमध्ये घेऊन गेली, परवान्याच्या वर्गाला. स्वतःही शेजारी बसली. नेमबाजीच्या परीक्षेत माझ्या गोळ्या कागदाच्या कडेकडेने लागल्या आणि हिच्या सगळ्या मधोमध. शिकवणारा म्हणाला, "लायकरबाई, ह्यांना घरी ठेवा आणि तुम्हीच काटे तपासायला जा." ती महिनाभर येईल त्याला हे सांगत सुटली होती. चारचौघांत माझी पार अब्रू काढली. पिस्तूलही तिनेच पसंत केलं, लहानसं, शर्टाखाली दिसणार नाही असं. मग रोज सकाळी मी दाराशी गेलो की आतून आवाज यायचा, "घेतलंस का?" मी म्हणायचो, "घेतलं." तीच आमची निरोपाची भाषा होती म्हणा ना. मग मी ते घरी कसं ठेवणार?

जूनच्या सुरुवातीला, गहू पिवळा पडायला लागला तेव्हाची गोष्ट. राज्याच्या सीमेच्या अलीकडे एक कोठार आहे, तिथला काटा डोरीन सांभाळते. डोरीन माझ्याहून मोठी, तिची जीभ तिखट, आणि ती कुणाला सोडत नाही. तिच्या दारावर ती पाटी आहे, काळं पिस्तूल आणि त्यावर लाल आडवी रेघ. म्हणजे आत हत्यार आणायचं नाही. अशी पाटी दिसली की मी ट्रकमध्येच कमरेचं काढतो, सीटखालच्या पेटीत कुलूप लावून ठेवतो, आणि निघताना परत लावतो. दिवसातून कितीदा काढायचं आणि कितीदा लावायचं, त्याला गणतीच नाही. फिरतीवर पिस्तूल बाळगणारा माणूस अर्धा दिवस पट्ट्याशीच झगडत असतो.

काटा ठीक होता. मी शिक्का मारला. डोरीन खिडकीतून बघत होती.

"नॉर्ब, मेल्या, आरशात बघतोस की नाही? शर्टात तू आहेस की नुसता हँगर आहे?"

"खातो मी," मी म्हटलं.

"काय खातोस? डोंबल? थांब, केक आहे आत."

तिने केक दिला. मी खाल्ला. ती समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझा नवरा गेला ना, तेव्हा मी सहा महिने भिंतीशी बोलायचे. तू कुणाशी बोलतोस?"

"काट्याशी."

"तो उत्तर देतो?"

"आकडा सांगतो."

ती हसली नाही. तिची नजर माझ्या कमरेकडे गेली, जिथे त्या वेळी काहीच नव्हतं, आणि तिने पुढे काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी टोपी घातली. आणखी एक बिज्जू ऐकायची माझी तयारी नव्हती. तेव्हा ती म्हणाली, "बरं ऐक. वरचा पूल बंद आहे, दुरुस्ती चाललीय. हमरस्त्याने जाऊ नकोस. इथून मागच्या खडीच्या रस्त्याने सरळ वर जा, मग डांबरी लागेल, तिथे डावीकडे वळ."

मी ट्रकमध्ये बसलो, पेटी उघडली, पिस्तूल कमरेला लावलं, शर्ट वर सोडला, आणि मागच्या रस्त्याने निघालो.

हमरस्त्यावर सीमेला मोठी पाटी आहे, नेब्रास्का आपलं स्वागत करतं वगैरे. खडीच्या रस्त्याला कोण पाटी लावतंय? दोन्हीकडे गहू, मधे रस्ता. इकडचा गहू आणि तिकडचा गहू सारखाच. मी धूळ उडवत चाललो होतो. कसला विचार करत होतो म्हणाल तर कसलाच नाही. डांबरी रस्ता आला. तिथे गाडी थांबवायला सांगणारी लाल पाटी होती, चांगली माणसाएवढी. मला दिसली. दिसली, आणि मी तसाच पुढे जाऊन डावीकडे वळलो. का थांबलो नाही, विचारू नका. पाय ब्रेकवर गेलाच नाही.

थोड्याच वेळात आरशात निळे-लाल दिवे दिसले. मी बाजूला घेतलं, इंजिन बंद केलं, दोन्ही काचा खाली केल्या, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. त्या वर्गात शिकवलेलं तेवढं अंगात मुरलेलं आहे.

शेरीफचा माणूस उजव्या बाजूच्या खिडकीशी आला. हल्लीची पोरं तशीच येतात, रस्त्यावरच्या गाड्यांपासून लांब. पायरीवर चढून त्याने आत डोकावलं. वय पंचविशीचं, नाक उन्हाने सोललेलं, छातीवर नावाची पट्टी, सेडलाचेक. बोलायला अगदी रीतसर.

"नमस्कार, साहेब. मागची 'थांबा' पाटी दिसली नाही का?"

"दिसली."

एवढं प्रामाणिक उत्तर त्याला कुणी दिलं नसावं. तो जरा गोंधळला. "बरं. लायसन्स दाखवता का?"

आता इथे माझी चूक झाली, आणि ही चूक आमच्यासारख्या फिरतीवाल्यांचीच. कॅन्ससात पोलिसाने विचारलं तर सांगायचं की माझ्याजवळ पिस्तूल आहे. नाही विचारलं तर नाही सांगायचं. नेब्रास्कात तसं नाही. नेब्रास्कात त्याने विचारायच्या आधी, पहिल्या फटक्यात, आपणच सांगावं लागतं. कायदाच आहे तसा. मला हा फरक पाठ आहे, तिकडे मला दोनदा अडवलंय आणि दोन्हीदा मी आधी सांगितलंय. पण माझ्या हिशेबाने मी अजून कॅन्ससातच होतो. त्याच्या बाहीवरचा बिल्ला वाचला असता तरी कळलं असतं. मी वाचला नाही. मी नुसता डावीकडे कललो आणि उजवा हात मागच्या खिशाकडे नेला, पाकिटासाठी.

शर्ट वर सरकला.

"हात!" तो एवढ्या जोरात ओरडला की त्याचा आवाजच फाटला. पायरीवरून खाली उडी मारून तो मागे सरला, आणि त्याचं पिस्तूल बाहेर आलं होतं. "हात हलवू नका! हलवू नका म्हणतोय ना!"

माझा हात होता तिथेच थांबला, पाकिटावर. पाकिटाच्या पुढे वीतभर अंतरावर माझं पिस्तूल. आणि सांगायला लाज वाटते, पण सांगतो. तेव्हा तोच विचार आला, नेहमीसारखाच, दूध संपल्यासारखा. की नॉर्ब, तुला काहीच करायला नको. हात जरासा पुढे ने. बाकीचं हा पोरगा करील.

मी त्याच्याकडे बघितलं. त्याची हनुवटी थरथरत होती. डोळे एवढे मोठे झाले होते, आणि त्याच्या पिस्तुलाची नळीही जागेवर राहत नव्हती. ती माझ्याकडे होती.

आणि मी घाबरलो.

कसा घाबरलो म्हणून सांगू! कानात रक्त धडधडायला लागलं. बगलेतून घामाची धार लागली. फेब्रुवारीपासून जे काही बधिर होतं ते सगळं एका क्षणात ठणकायला लागलं, आणि माझ्या तोंडून आवाज आला, मी ओळखलाही नाही तो आवाज माझा आहे म्हणून. मी म्हणत होतो, "नको मारूस. नको मारूस रे, पोरा. हातात पाकीट आहे. नुसतं पाकीट. नको मारूस मला."

"दोन्ही हात वर! हळू!"

मी हळू हात वर केले. पाकीट सीटवर पडलं. त्याने दार उघडलं, माझ्या कमरेचं पिस्तूल काढून घेतलं, मागे जाऊन त्याच्या गोळ्या काढल्या. मग त्याचाही धीर सुटला आणि तो माझ्यावर भडकला.

"सांगितलं का नाही? आं? हत्यार आहे म्हणून आधी सांगायचं असतं, ठाऊक नाही?"

"मला वाटलं मी कॅन्ससात आहे."

"काय?"

"कॅन्ससात विचारल्यावर सांगतात."

"अहो, कॅन्सस केव्हाच मागे राहिलं!" त्याने टोपी काढून कपाळ पुसलं. "नेब्रास्कात आधी सांगावं लागतं! मी तुम्हाला गोळी घातली असती, कळतंय का? आत्ता, इथे, त्या पाकिटापायी!"

"कळतंय," मी म्हटलं. माझे दात वाजत होते.

तो पाकिटातून माझा पिस्तुलाचा परवाना आणि लायसन्स काढून घेऊन आपल्या गाडीकडे गेला. वायरलेसवर काहीबाही बोलत बसला. मी हात स्टिअरिंगवर ठेवून बसलो. ऊन होतं, काच उघडी होती, बाहेर गहू वाऱ्यावर सळसळत होता, आणि मला थंडी वाजत होती. उजव्या कमरेशी हलकं वाटत होतं. मी तिथे हात लावून बघितला. काही नव्हतं. आणि ते तिथे नाही ह्याचं मला एवढं बरं वाटलं की माझा मलाच धक्का बसला.

तो परत आला तेव्हा पार निवळला होता. आता चालत डावीकडून आला. "लायकरसाहेब, कागद सगळे चोख आहेत. सीमेजवळ असा घोटाळा होतो कधीकधी. पाटीची आणि ह्याची, दोन्हींची मी नुसती ताकीद देतो. दंड नाही." मग त्याने माझं पिस्तूल पुढे केलं, रिकामं, आणि दुसऱ्या हातात एका पिशवीत गोळ्या. "हे घ्या. मी निघून गेल्यावर भरा. तशी पद्धत आहे."

मी हात पुढे केला नाही.

"घ्या ना, साहेब."

"दंड लिहा," मी म्हटलं.

"अं?"

"ताकीद नको. दंड लिहा. मी गुन्हा केलाय ना? मग गुन्हा लिहा, आणि ते तुमच्याकडे ठेवून घ्या. गुन्हा लिहिला की ठेवून घेता ना?"

"अहो, मी तुम्हाला सोडतोय," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. त्याला वाटलं म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं. "तुमचं काही चुकलं नाही फारसं. हे तुमचं आहे. परवाना आहे तुमच्याकडे. मला ते ठेवायचा काही अधिकार नाही."

"तुमच्या ऑफिसात एखादं कपाट असेल. त्यात टाका."

"साहेब, माझी पण पंचाईत करू नका. हे बघा, घ्या, आणि आपापल्या वाटेने जाऊ." त्याने ते खिडकीतून आत धरलं, अगदी माझ्या छातीसमोर. मी सीटला मागे रेटलो, जेवढं रेटता येईल तेवढं. माझा हात उठेना. माझंच पिस्तूल, माझ्या बायकोने पसंत केलेलं, आणि मी त्याच्याकडे साप बघितल्यासारखा बघत होतो.

"मला त्याची भीती वाटते," मी म्हटलं.

"कशाची?"

"ते माझ्याजवळ असण्याची."

त्याने ते हळूच मागे घेतलं. एकदा पिस्तुलाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग आपल्या गाडीकडे गेला, मागची डिकी उघडली, आत ठेवलं, डिकी बंद केली, आणि परत आला. ह्या वेळी तो ट्रकच्या दुसऱ्या बाजूने आला, दार उघडलं, सीटवरचं माझं पाकीट उचलून डॅशबोर्डवर ठेवलं, आणि वर चढून माझ्या शेजारी बसला. आधी घसा साफ केला. त्याला कुठल्यातरी वर्गात शिकवलेलं असणार, आणि तो ते आठवत होता हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"लायकरसाहेब, सरळ विचारतो. तुम्ही जीव द्यायच्या विचारात आहात का?"

चार महिने. अल्विन झाला, मालक झाला, चर्चच्या बायका झाल्या, डोरीनने तोंड उघडून मिटलं. माझ्यावर जीव असलेली एवढी माणसं, आणि कुणाच्या तोंडून हे वाक्य निघालं नाही. मीही त्यांना ते काढू दिलं नाही म्हणा. आणि हा कोण कुठला सोललेल्या नाकाचा पोरगा, ज्याने नुकतीच माझ्यावर नळी रोखली होती, तो ते सरळ विचारून मोकळा झाला.

"हो," मी म्हटलं. "होतो. सकाळपर्यंत होतो. आत्ता तुम्ही ओरडलात तेव्हा मी घाबरलो. आता काय आहे ते मला सांगता येत नाही."

"बरं," तो म्हणाला. तो उठून गेला नाही, की वायरलेसकडे धावला नाही. "मग ते पिस्तूल आज माझ्याकडे राहील. कुठे ठेवायचं ते मी बघतो. तुम्हाला एकट्याला मी इथून सोडणार नाही. कुणाला फोन करायचा? घरी कोण असतं?"

"घरी कुणी नाही," मी म्हटलं. "बायको वारली. फेब्रुवारीत."

हे मी तोपर्यंत कुणालाही सांगितलेलं नव्हतं. आमच्या गावात सांगायची वेळच आली नाही. सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. दवाखान्यातून मी घरी यायच्या आधी बातमी बेकरीपर्यंत पोचली होती, आणि मग जो तो येऊन माझा हात दाबायचा आणि मान हलवायचा. मी फक्त मान हलवायचो. वाक्य म्हणून, माझ्या तोंडाने, मी ते पहिल्यांदा तिथे म्हटलं, नेब्रास्कातल्या रस्त्याच्या कडेला, अनोळखी माणसाला. म्हणून झाल्यावर ते कॅबमध्ये तसंच राहिलं आणि मला त्याच्यापासून कुठे पळता येईना.

"नाव काय त्यांचं?" पोराने विचारलं.

मी तोंड उघडलं.

"बर्नडीन," मी म्हटलं. "बर्नडीन." आणि मग मी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागलो, मोठ्याने, लहान पोरासारखा, आणि तो सेडलाचेक माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला.